जीआरई पुन्हा द्यायची, पण तीच तयारी पुन्हा नको

पत्र

मी दांडिया बाजारात राहते, वय 24. एम. एस. युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल केलं आणि मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत दोन वर्षं डिझाइनमध्ये काम करते आहे. अमेरिकेत एमएस करायचंय म्हणून जुलैत जीआरई (तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) दिली. क्वांट (गणित) 157, व्हर्बल (इंग्रजी) 147, दोन्ही मिळून 304, आणि निबंधाला वेगळे 3. घरी पॉवरप्रेपवर (परीक्षेच्या अधिकृत सराव टेस्ट) 316 आले होते! (मोफतच्या टेस्ट मी दोन-दोनदा सोडवल्या होत्या, निबंध सोडून.) चार महिने क्लास केला, 3,500 शब्दांची यादी संपवली. माझी शाळा गुजराती माध्यमाची, घरी मराठी, त्यामुळे व्हर्बल कधी जमणारच नाही असं वाटायला लागलंय. सात युनिव्हर्सिट्यांची यादी केली आहे, अर्ज डिसेंबरमध्ये भरायचे. आई म्हणते, पुन्हा तेवढे पैसे घालण्याआधी नीट विचार कर. परीक्षा पुन्हा द्यावी का? क्लास परत लावावा का? आणि पहिले गुण त्यांना दिसतील का?

— एक वाचक, बडोदे

उत्तर

पुन्हा दे. पण तारीख घेण्याआधी एक संध्याकाळ काढून त्या सातही युनिव्हर्सिट्यांच्या मेकॅनिकल विभागाची पानं उघड. 2020 नंतर अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी जीआरई ऐच्छिक केली, काही ठिकाणी तर पाठवलेले गुण बघतच नाहीत. वहीत तीन रकाने कर: हवीच, ऐच्छिक, घेत नाहीत. युनिव्हर्सिटीच्या सामान्य पानावर एक आणि विभागाच्या पानावर दुसरं असं पुष्कळदा दिसतं. अशा वेळी विभागाला ईमेल करून विचारायचं, अंदाज बांधायचा नाही. सातपैकी एकाच ठिकाणी जीआरई हवी असेल, तर ते एक नाव बदल आणि तयारीला लागणारे अडीच महिने स्टेटमेंट ऑफ पर्पज (का शिकायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा लेख) आणि शिफारसपत्रांना दे. दोन-तीन ठिकाणी हवी असेल, किंवा ऐच्छिक असूनही तुला तिथे स्कॉलरशिप वा असिस्टंटशिप मागायची असेल, तर परीक्षेचे पैसे वाया जाणार नाहीत. आईला हीच यादी दाखव. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर या तीन रकान्यांत मिळतं.

तुझा शेवटचा प्रश्न आधी संपवू. पाच वर्षांतल्या ज्या परीक्षेचे गुण पाठवायचे तेवढेच पाठवता येतात, जुलैचे 304 कुणाला दाखवायची सक्ती नाही. मात्र परीक्षेच्या दिवशी चार युनिव्हर्सिट्यांना फुकट पाठवण्याची सोय असते. ती तू वापरली असशील, तर त्या चौघांकडे जुलैचे गुण गेलेले आहेत. त्याने काही बिघडत नाही, नवे गुण चांगले असले की बहुतेक ठिकाणी तेच धरले जातात. एक लक्षात ठेव, गुण तारखेवार जातात. जुलैचं व्हर्बल आणि ऑक्टोबरचं क्वांट अशी जोडी ईटीएस (परीक्षा घेणारी संस्था) लावून देत नाही. दोन परीक्षांमध्ये किमान 21 दिवस जावे लागतात आणि कोणत्याही 12 महिन्यांत पाच वेळा बसता येतं.

आता 316 आणि 304. आमच्या मते तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात घातलं आहेस. एकदा सोडवलेली टेस्ट महिन्याभराने पुन्हा सोडवली, तर उत्तर पाठ नसलं तरी वाट पाठ असते. उताऱ्याचा विषय ओळखीचा वाटतो, गणितात कुठे फसायचं ते हात विसरत नाही. म्हणजे 316 हा आकडा तुझ्या तयारीचा नव्हताच, आणि तू 12 गुण 'घालवले' असं समजून कुढण्यात अर्थ नाही. निबंध सोडल्याने दुसरी गोष्ट झाली. परीक्षा निबंधानेच सुरू होते, 30 मिनिटं. त्यानंतर व्हर्बलचे दोन आणि क्वांटचे दोन सेक्शन कोणत्याही क्रमाने येतात. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा 1 तास 58 मिनिटांची झाली आहे आणि मध्ये ठरलेली सुट्टी नाही. अर्धा तास टाइप करून थकलेल्या डोक्याने पहिला सेक्शन सोडवायची सवय तू घरी केलीच नव्हतीस.

आणि पहिलाच सेक्शन महाग पडतो. क्वांटचा पहिला सेक्शन 12 प्रश्न, 21 मिनिटं. दुसरा 15 प्रश्न, 26 मिनिटं. व्हर्बलचा पहिला 12 प्रश्न, 18 मिनिटं. दुसरा 15 प्रश्न, 23 मिनिटं. पहिल्यात जशी कामगिरी, तशा काठिण्याचा दुसरा मिळतो. पहिला घसरला की दुसरा सोपा येतो, पण त्या सोप्यात सगळं बरोबर आणलं तरी वर जाण्याची मर्यादा ठरून गेलेली असते. हे कळल्यावर मुलं उलटी चूक करतात: 'पहिल्यात एकही चुकता कामा नये' म्हणून एका प्रश्नावर चार मिनिटं बसतात आणि शेवटचे तीन न वाचताच वेळ संपतो. एका सेक्शनमधल्या सगळ्या प्रश्नांना वजन सारखंच आहे, अवघडाला जास्त गुण नाहीत. चुकीच्या उत्तराला गुणही कापत नाहीत, त्यामुळे कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे फुकटचा तोटा.

यासाठी दोन फेऱ्यांची पद्धत अंगवळणी पाड. क्वांटच्या पहिल्या सेक्शनमध्ये 14 ते 15 मिनिटांत सगळ्या 12 प्रश्नांवरून जायचं. वाचून अर्ध्या मिनिटात रस्ता दिसला नाही, तर अंदाजाने एक उत्तर ठेवून 'मार्क' करून पुढे. उरलेली सहा-सात मिनिटं मार्क केलेल्यांना. सेक्शनच्या आत मागे-पुढे जाता येतं. या सोयीचा फायदा न घेणारे निम्मे तरी असतील.

पहिल्या आठवड्यात अभ्यास नको, तपासणी कर. यापूर्वी न पाहिलेली एक पूर्ण टेस्ट घे (पॉवरप्रेप प्लसच्या पैसे भरून मिळतात, त्यातली एक इथे आणि बाकी शेवटच्या तीन आठवड्यांत), निबंधासकट आणि एका बैठकीत. मग चुकांची वही सुरू कर. दर चुकीपुढे चारपैकी एक कारण लिहायचं: मुद्दाच माहीत नव्हता, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही याच वहीत, कारण परीक्षेत तोच अंदाज उलटा पडू शकतो. 'सिली मिस्टेक' हे कारण म्हणून लिहायचं नाही. ते लिहिलं की पुढे काय करायचं ते कळत नाही.

या वहीचा खरा उपयोग तिसऱ्या दिवशी. उत्तराचं स्पष्टीकरण वाचून 'हां, कळलं' म्हणणं आणि कोऱ्या कागदावर स्वतः सोडवणं यांत बरंच अंतर आहे. चार महिन्यांच्या क्लासमध्ये बहुधा पहिलंच जास्त झालं असणार. चुकलेला प्रश्न तीन दिवसांनी स्पष्टीकरण झाकून सोडव, नंतर दहाव्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा बरोबर आला तरच खोड.

क्वांटमध्ये इंजिनिअर मंडळी नववी-दहावीच्या गणितावर अडखळतात. त्रिकोणमिती, कॅल्क्युलस यातलं इथे काही नाही, आणि तुझी सवय सूत्र लावून पुढे पळायची. साधारण एक तृतीयांश प्रश्न तुलनेचे असतात: 'अ' मोठा, 'ब' मोठा, दोन्ही समान, की सांगता येत नाही. समज, 'अ' मध्ये x चा वर्ग, 'ब' मध्ये x चा घन, आणि x बद्दल काहीही सांगितलेलं नाही. मनात 2 धरला, 4 आणि 8, 'ब' मोठा, पुढे. इथेच गुण जातो. उणे 2 धरला तर 4 आणि उणे 8, म्हणजे 'अ' मोठा. उत्तर 'सांगता येत नाही'. तुलनेचा प्रश्न आला की 2 वर थांबायचं नाही. 0, 1, अर्धा, उणे अर्धा, उणे 2 हे पाच आकडे रफ कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेव आणि दोन वेगळी उत्तरं मिळाली की हात काढून घे. मात्र x शून्य आणि एकच्या मध्ये आहे अशी अट दिली असेल, तर 'अ' नेहमीच मोठा. त्यामुळे आधी अट वाचायची, मग आकडे. आकृत्या मापाने काढलेल्या असतीलच असं नाही, डोळ्यांनी कोन मोजू नकोस.

आणखी गळती होते ती पर्यायांच्या आकारात. गोल खुणा म्हणजे एकच उत्तर, चौकोनी म्हणजे जेवढी बरोबर तेवढी सगळी निवडायची आणि एक राहिलं तरी शून्य. रिकाम्या चौकटीत आकडा भरायचा असेल, तर चौकटीशेजारी टक्क्याचं चिन्ह आहे का ते बघ. असेल तर 25 लिहायचं, 0.25 नाही. अपूर्णांक मात्र संक्षिप्त रूपात द्यायची गरज नसते, 6/8 तसंच चालतं. स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर साधा आहे आणि माऊसने चालवताना वेळ खातो, 1.2 गुणिले 0.8 साठी तो उघडू नकोस. स्टँडर्ड डेव्हिएशनची (संख्या सरासरीपासून किती पसरल्या आहेत त्याचं माप) लांबलचक आकडेमोड सहसा येत नाही. सगळ्या संख्यांत 5 मिळवले तर ते बदलत नाही, सगळ्यांना 3 ने गुणलं तर तेही तिप्पट होतं, एवढं पक्कं असलं की निम्मं काम झालं. नॉर्मल डिस्ट्रिब्युशनमध्ये सरासरीच्या प्रत्येक बाजूला एकेका स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पट्ट्यात येणारे 34, 14 आणि 2 टक्के पाठच कर. जोड्या निवडणं (कॉम्बिनेशन), क्रमयोजना (पर्म्युटेशन), प्रॉबॅबिलिटी आणि तक्ते-आलेखांचे प्रश्न यांना दोन पूर्ण आठवडे दे. 157 ला अडकलेल्यांचे गुण आम्हाला बहुतेक इथेच सांडलेले दिसतात.

आता व्हर्बल. गुजराती माध्यमाचा दोष काढू नकोस. माध्यमामुळे वाचनाचा वेग थोडा कमी असतो, तेवढंच, आणि वेग वाढवता येतो. 3,500 शब्दांची यादी मात्र आता कपाटात ठेव. एका शब्दापुढे एक अर्थ असं पाठ केलं की ओळखीचे शब्दच दगा देतात. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणं हे तुला पहिल्यापासून माहीत, पण उताऱ्यात कुणी आपलं विधान 'क्वालिफाय' करतो तेव्हा तो त्याला अट घालून सौम्य करत असतो. 'सँक्शन' परवानगीही असते आणि निर्बंधही. पोलाद टेम्पर करणं तुझ्या कामातलं, तेच इथे उत्साह किंवा टीका 'टेम्पर' करणं म्हणून येतं. असे 800 ते 900 शब्द, रोज 15, प्रत्येकाचं एक पूर्ण वाक्य स्वतः लिहून, आणि उजळणीसाठी अँकीसारखं ॲप. यापेक्षा जास्त नको.

गाळलेल्या जागांच्या प्रश्नात पर्याय आधी वाचू नकोस. वाक्यातले 'ऑलदो', 'डिस्पाइट', 'इन्डीड' असे सांधे शोध, रिकाम्या जागी स्वतःचा साधा मराठी शब्द घाल ('कंजूष', 'वरवरचं', 'उलट'), मगच पर्यायांकडे जा. तीन जागांचा प्रश्न असेल तर पहिल्या जागेपासूनच सुरुवात करायची सक्ती नाही, जिथे खात्री आहे तिथून कर. तिन्ही बरोबर आल्या तरच गुण. सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नात सापळा ठरलेला: छान समानार्थी जोडी असते पण ती वाक्यात बसत नाही, आणि एक चपखल शब्द असतो ज्याला जोडीदारच नसतो. दोन्ही सोडायचे.

साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांचे असतात आणि 147 वरून 152-153 ला जायचा जवळचा रस्ता तोच आहे. रोज 40 मिनिटं कलासमीक्षा, जीवशास्त्र, अर्थशास्त्र असे तुझ्या आवडीचे नसलेले इंग्रजी लेख वाच आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून मराठीत एक ओळ लिही: लेखक काय म्हणतो, कुणाला विरोध करतो. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बसलीस तर मोबाइलही दूर राहील. अनुमानाच्या प्रश्नात जो पर्याय 'बरोबरच असणार' असं आपल्याला जगाच्या माहितीवरून वाटतं, तो बहुधा चुकीचा निघतो. उताऱ्यातलं बोट ठेवून दाखवता येईल असं वाक्य लागतं. 'ऑलवेज', 'ओन्ली' असलेल्या पर्यायाकडे संशयाने बघ. सरावाला ईटीएसचे अधिकृत प्रश्नच घे. बाहेरच्या पुस्तकांतलं गणित चालतं, व्हर्बलची त्यांची उत्तरं कधीकधी ओढूनताणून बसवलेली असतात.

निबंधाला 3 येण्यामागे इंग्रजीपेक्षा सूचना न वाचणं हे कारण जास्त वेळा असतं. विषयाखाली दोन-तीन ओळींची सूचना असते: विधान कुठल्या परिस्थितीत टिकेल आणि कुठे टिकणार नाही ते लिहा, किंवा विरुद्ध मताला उत्तर द्या. ती पाळली नाही तर भाषा कितीही चांगली असली तरी गुण अडतात. विषयांची पूर्ण यादी ईटीएसच्या संकेतस्थळावर मोफत आहे. त्यातले आठ निवडून घड्याळ लावून लिही. 4 मिनिटं आराखडा, 22 मिनिटं लेखन, 4 मिनिटं वाचन. दोन उदाहरणं पुरतात, पण खरी आणि तपशिलाची हवीत. 'अनेक महान लोक' म्हणून भागत नाही. तिथल्या एडिटरमध्ये स्पेलिंग तपासायची सोय नसते, त्यामुळे सरावही ती बंद करूनच.

वेळेचं गणित. नोकरी सांभाळून सोमवार ते शनिवार दीड तास आणि रविवारी चार, म्हणजे आठवड्याला 13 तास. दहा आठवड्यांत 130. हे पुरतं. पहिला आठवडा तपासणी, पुढचे सहा विषयवार, शेवटचे तीन दर रविवारी पूर्ण टेस्ट, तीही तुला ज्या वेळेचा स्लॉट मिळणार त्याच वेळेला. या दहा आठवड्यांत नवरात्र येणार आणि बडोद्यात नवरात्रात अभ्यास करणार असं लिहून देणाऱ्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. त्या आठवड्यात नवीन काही घेऊ नकोस, शब्द आणि चुकांची वही एवढंच ठेव. परीक्षा ऑक्टोबरअखेर बसव, दिवाळीचे दिवस कॅलेंडरवर बघून टाळ. गुण आठ ते दहा दिवसांत येतात. वेळ पडली तर 21 दिवसांनी, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आणखी एक संधी उरते आणि डिसेंबरच्या मध्यातल्या मुदती सांभाळता येतात; 1 डिसेंबरची मुदत असेल तिथे मात्र ओढाताण होईल.

क्लास परत लावू नकोस. नवी बॅच पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि तुला काय येत नाही हे त्यांच्यापेक्षा तुझ्या वहीला जास्त माहीत असेल. फारच अडलं तर क्रमयोजना-प्रॉबॅबिलिटीसाठी कुणाकडे तरी चार-सहा तासांची वैयक्तिक शिकवणी घे.

न पाहिलेल्या दोन टेस्टमध्ये क्वांट 162 च्या वर आणि व्हर्बल 151 च्या वर आलं, तर ठरलेल्या तारखेला जा. नाही आलं तर तारीख पुढे ढकल, पण ती परीक्षेच्या किमान चार दिवस आधी ढकलावी लागते, त्यासाठी शुल्क पडतं आणि ती वेळ उलटली की सगळे पैसे जातात. म्हणून शेवटून दुसरी टेस्ट परीक्षेच्या आठवडाभर आधी संपव. घरून परीक्षा द्यायचा पर्याय आहे, पण दांडिया बाजारात रस्त्यावरून वरात जात असताना तो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. शिवाय घरी रफ कामाला सुटा कागद चालत नाही, छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक कव्हरमध्ये घातलेला कागद लागतो, आणि कुणी चुकून खोलीत आलं तरी परीक्षा रद्द होऊ शकते. केंद्रावरच दे. ते अहमदाबादला मिळालं तर आदल्या रात्री मुक्काम कर, पहाटेच्या गाडीवर भिस्त ठेवू नकोस.

आणि नोंदणीचं नाव पुन्हा तपास. आपल्या गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या ओळींत. ईटीएसच्या खात्यात पासपोर्टप्रमाणेच हवं, वडिलांचं नाव पासपोर्टवर जिथे असेल तिथेच. जुलैत चाललं म्हणून गृहीत धरू नकोस, मधल्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल तर नव्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघ.